कारंज्याचा दिवस

धरणगाव,
वैशाख शुद्ध प्रतिपदा, १९५१

प्रिय कुंदा,

त्या सकाळी तू चुलीपुढे भाकरी थापत होतीस आणि मी उंबऱ्याशी मटकी निवडत बसले होते. म्हशीला पाणी पाजून झाले होते, अंगण सारवून झाले होते. मी म्हटले, रोमला पोचलो की पहिल्याच दिवशी कारंजे पाहायचे. तू वर न बघता म्हणालीस, "आत्या, बठ्ठं खरं शे, पन तठे भाकर कोन करी?" मी म्हटले, पीठ आपण नेऊ, चूल तेवढी त्यांची घेऊ. दोघी हसलो आणि तव्यावरची भाकरी करपली. ती तू स्वतःच्या ताटात घेतलीस. आज घर आवरताना तेच आठवत राहिले.

माझ्या लीलाधरचे शेवटचे पत्र रोमहून आले तेव्हा तुमच्या लग्नाला वर्षही झाले नव्हते. लढाईतून चार दिवस सुट्टी मिळाली होती, त्यात त्याने ते शहर पाहिले. मोठ्या कारंज्याच्या हौदात पैसा टाकला. जो पैसा टाकतो तो तिथे पुन्हा येतो, अशी तिकडची समजूत आहे म्हणे. पुढे तुम्हा दोघींना आणून सगळे दाखवीन, असे लिहिले होते. मग तो बेपत्ता असल्याची तार आली आणि वर्षभराने सरकारी कागद आला की मेला असे समजावे. गल्लीने समजले, तुझ्या माहेरी नानांनीही समजले. मी नाही समजले. ना देह पाहिला, ना राख आली. पैसा त्याने टाकला आहे, तेव्हा तो त्या कारंज्याशी येईल, आपणच तिथे पोचले पाहिजे, असे मला अगदी सरळ दिसत होते.

अक्षरे मी त्याच्याच पाटीवर शिकले होते, पण पुस्तक वाचायला लागले ते या प्रवासासाठी. वाचनालयातले मास्तर पहिल्यांदा म्हणाले, अक्का, पोथ्या त्या कपाटात आहेत. मी म्हटले, मला रोम पाहिजे. भुसावळहून मुंबई, तिथून बोट, मग पुन्हा आगगाडी, हे मी पाठ केले. बिनछपराचे गोल जुने नाटकघर, मोठे देऊळ, नदीवरचे पूल, सगळे दिवस आपण वाटून घेतले. देवळात बायकांना डोके झाकावे लागते असे वाचले तेव्हा तू म्हणालीस, चला, एवढे तरी आपल्याला येते.

तुझ्या मामंजींच्या नावाची घागर मी दर वैशाखात आखाजीच्या तिजेला भरते. घागरीवर खरबूज, सांजोऱ्या आणि आंबे ठेवते, चुलीत पितरांची आगारी टाकते. दरवर्षी भिकुबाई कुंभारीण मला टोचते, "एकच का वं माय? दुसरी कव्हय लई जाशी?" मी म्हणायचे, दुसरी लागत नाही. जित्या माणसाची घागर कोणी भरत नाही. मी ती भरली नाही म्हणून तुझे कुंकू राहिले, आणि माझ्यासमोर तुला कोणी काही बोलले नाही. तेवढे बरेच झाले, असे मला वाटत होते.

परवा तुझे नाना येऊन गेले. तू आखाजीसाठी माहेरी शिरपूरला पोचलीस तेव्हा त्यांनी तुझ्याकडे पाटाचा विषय काढला म्हणे. शाळामास्तर आहे, बायको वारली, माणूस शांत आहे. तू एवढेच म्हणालीस, आत्या दुसरी घागर भरतील तेव्हा बोलू. नाना हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हते. चहाही अर्धा ठेवून उठले.

कुंदा, तू कारंज्याचा दिवस सारखा पुढे ढकलायचीस. मी पहिला म्हणायचे, तू म्हणायचीस, आधी देऊळ पाहू. मग म्हणायचीस, आधी पूल. शेवटी तू तो परतीच्या आदल्या दिवसावर नेलास. मला वाटायचे, पोरीला कारंज्याची हौस नाही. आज तुझी कोरी पातळे ट्रंकेत घालताना समजले. कारंज्याशी कोणी भेटणार नाही हे तुला ठाऊक होते. भाकरी थापता थापता तू मला त्या शहरात थोडे आणखी फिरवत होतीस.

मी तुझी सासू आहे, तुला सोडते असे म्हणण्याचा अधिकार मला आहे की नाही हे मला कळत नाही. पण विचारतील तर सांग, आत्यांनी सांगितले आहे. त्या शाळामास्तरांना हो म्हण किंवा नाही म्हण, पण ते माझ्याकडे बघून म्हणू नकोस. ट्रंक कौतिक गाडीवानाबरोबर पाठवते. पुढच्या आखाजीला मात्र इकडे ये. शिरपूरचे माहेर आहेच, हे दुसरे समज. तुझ्यासाठी निंबाला झोका बांधून ठेवीन. आणि तुला वेळ झाला तर आपण रोमचा तो एक दिवस उरला आहे तो पाहून घेऊ.

हे काल इथवर लिहिले आणि टपालाची वेळ टळली. आज सकाळी मी भिकुबाईकडे गेले आणि दोन घागरी घेऊन आले.

तुझीच,
शेवंताआत्या