पहिलं ‘नको’

पेरुजा, १२ जानेवारी १९९२

ती. तूरान मावशीस माहरूखचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि वाळवलेल्या लिंबांचं पुडकं सुखरूप पोचलं. पुडक्याच्या वासानं घरभर चौकशी सुरू झाली. कालिओपीला वाटलं, मला काही दुखणं असून ते औषध आहे. कालिओपी ग्रीसची, माझ्याबरोबर भाषेच्या वर्गाला येते आणि माझ्याहून जास्त चुका करते, पण मोठ्यानं करते. दुसरी दोनाता. ती इटलीचीच, पण दक्षिणेकडच्या लेच्चेची, शेतकी शिकते. घर कालिओपीच्या आवाजानं भरलेलं असतं, पण हुकूम दोनाताचा चालतो.

मी बारीक झाले असं फोटो पाहून तू लिहिलंस, त्याचं कारण सांगते, पण आईला सांगू नकोस. पहिल्या दिवशी दोनातानं पास्ता शिजवला आणि विचारलं, खाणार का म्हणून. मी रीतीप्रमाणे म्हटलं, नको, जेवलेय मी. आता ती पुन्हा विचारेल, मग हाताला धरून बसवेल, म्हणून हातसुद्धा धुऊन आले. ती बरं म्हणाली आणि दोघींनी पातेलं चाटून पुसून संपवलं. मी खोलीत जाऊन कोरडा पाव खाल्ला. इथल्या पावात मीठ घालत नाहीत. असे बरेच दिवस गेले.

हसण्याचं संपलं, आता खरं सांगते. मी झोपते ती खाट मुळात दुसऱ्या एका मुलीची. ती मार्चमध्ये परत यायची होती, आता येत नाही म्हणून तिनं कळवलं. दोनातानं मला विचारलं, की मग तूच राहतेस का इथे. मावशी, मला इतका आनंद झाला, आणि तोंडातून निघालं, की नको, तुमची उगीच अडचण होईल. ती म्हणाली, ठीक आहे. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या भिंतीवर तिची चिठ्ठी लागली होती, की मार्चपासून एक मुलगी हवी आहे.

आता मला नन्सच्या वसतिगृहात जावं लागेल. तिथे आपल्या सहा मुली आहेत आणि दिवसभर फारसीतच बोलतात. जूनच्या परीक्षेत उतरले नाही तर वास्तुकलेला प्रवेश नाही, आणि प्रवेश नाही तर परत घरी. मला जे इटालियन येतं ते या स्वयंपाकघरात आलंय, वर्गात नाही. पण एकदा नको म्हटल्यावर आता कोणत्या तोंडानं मागू? तू काळजी करू नकोस.

लोभ आहेच, तो अंतरानं कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
माहरूख

---

रश्त, २ फेब्रुवारी

चि. माहरूखला तूरान मावशीचे अनेक आशीर्वाद.

काळजी करू नकोस असं लिहिणाऱ्या मुलीच्या पत्रात काळजीशिवाय दुसरं काही नसतं, हे मला तीस वर्षं शाळेत शिवण शिकवून कळलंय. इथे सगळं ठीक. पाऊस आहेच. तुझ्या आईनं लसणाचं लोणचं पाठवायचं म्हणून बरणी काढली होती. मी म्हटलं, त्या दोघी पोरीला आजच घराबाहेर काढतील.

मी तुझ्यावर रागावले आहे, आणि थोडी स्वतःवरही, कारण हे वळण तुला मीच लावलं. पाहुण्यांकडे गेल्यावर दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं, हे मीच चिमटे काढून शिकवलं. म्हणून तुला एक गोष्ट सांगते, जी तुझ्या आईला अर्धीच माहीत आहे.

लाहिजानच्या चहाच्या कारखान्यात जलाल नावाचे इंजिनिअर होते. ते आईला घेऊन मला मागणी घालायला आले. चहा मीच नेऊन दिला. त्यांच्या आईनं विचारलं तेव्हा मी खाली मान घालून म्हटलं, की आईवडिलांना सोडून जायचा माझा विचार नाही. पहिल्या भेटीत असंच म्हणायचं असतं. पुढचे तीन शुक्रवार मी चहाचा समोवार पेटवून, नवा झगा घालून बसले. कोणी आलं नाही. वर्षभरानं, दुसरीकडे लग्न ठरल्यावर, त्यांचं पत्र आलं, की पुन्हा विचारून तुम्हाला संकोचात टाकायचं नव्हतं, तुमच्या इच्छेचा मान ठेवला. तो माणूस माझ्याहून भिडस्त निघाला. मला अजून त्याचा राग येतो, आणि माझाही.

तेव्हा कोणत्या तोंडानं मागू हे विचारत बसू नकोस. ज्या तोंडानं नको म्हणालीस त्याच तोंडानं मागायचं. हे पत्र हातात असतानाच ऊठ. नाही म्हणाल्या तर नाही म्हणाल्या, निदान खरं काय ते ऐकून म्हणतील.

जेवत जा. सर्वांचे आशीर्वाद.

तुझी मावशी,
तूरान

---

पेरुजा, २४ फेब्रुवारी

ती. तूरान मावशीस सा. न.

तुझं पत्र जिन्यात वाचलं आणि तशीच स्वयंपाकघरात गेले. दोनाता आर्टिचोकची भाजी सोलत होती. वाक्यं मनात तीनदा जुळवली होती, ती सगळी विसरले. म्हटलं, मला इथेच राहायचंय. मी नको म्हणाले तेव्हाही राहायचंच होतं.

तिनं सुरी खाली ठेवली. मग नको का म्हणालीस, म्हणून विचारलं. मी आपली रीत सांगितली, पास्त्याचंही सांगून टाकलं. कालिओपी खुर्चीवरून पडायची राहिली. पण दोनाता हसली नाही. ती चिडली. म्हणाली, म्हणजे तू उपाशी बसायचीस आणि आम्ही इकडे जेवायचो? माझी आई हे ऐकेल तर मला घरात घेणार नाही. मग डोळे पुसत म्हणाली, की खाट तर कालच झुरिचच्या एका मुलीला दिली, आणि दिलेला शब्द मी फिरवत नाही.

मला रडू आलं, मावशी. रडतच मी म्हटलं, की मग मी जमिनीवर झोपेन, पण मला इथून घालवू नका. एवढं मी जन्मात कोणाकडे मागितलं नव्हतं.

दोनाता उठली आणि अडगळीची खोली मापायला लागली. दुसरी एक खाट आत जाते, पण मग दार लागत नाही. तेव्हा तिनं दारच उचकटून काढलं. घरमालकीण सिन्योरा एर्सिलिया खालून ओरडत आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि घरी जाऊन पडदा घेऊन आल्या. आता मी पडद्यामागे राहते आणि परीक्षेचा अभ्यास सगळं घर ऐकतं. चूक झाली की पडद्यापलीकडून दोघींचे आवाज एकदम येतात.

आता तुझ्याबद्दल. सिन्योरा व्हिसासाठी आमंत्रणाचं पत्र द्यायला तयार आहेत आणि तू त्यांच्याकडेच उतरायचंस असं त्यांचं म्हणणं आहे. जुलैत ये. परीक्षेचा निकाल काहीही लागो, तो ऐकताना तू जवळ हवीस. मी हे एकदाच विचारते आहे. इथे तशीच पद्धत आहे.

पत्राच्या वाटेकडे डोळे लावलेली,
माहरूख

---

रश्त, १७ मार्च

चि. माहरूखला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्या दिवशीच मी उत्तर लिहिलं. या वयात कशाला, तुझ्या आईला पाठवावं, त्या बाईंना कशाला त्रास, असं दोन पानं भरून लिहिलं. अक्षरही छान आलं होतं. पाकीट टपालपेटीपर्यंत नेलं आणि पेटीसमोर उभी राहिले. मागच्या माणसानं विचारलं, की टाकताय का, बाई. मी म्हटलं, नाही. ते पाकीट तसंच घरी आणलं आणि चुलीत घातलं.

माहरूख, मी येते.

आशीर्वाद घेऊनच येईन.

तुझी मावशी,
तूरान