मॅनिफोल्डबद्दल बाबांचं उत्तर

१४ मार्च, रविवार दुपार

प्रिय धाकटोबा,

अनेक आशीर्वाद. आम्ही ठीक. गॅरेजच्या दाराला शेवटी एकदाचा रंग लागला. माझा घसा बसलाय, का ते पुढे सांगते.

तुझं पत्र पोचलं. केवढा फणकारा रे! "बाबांनी माझ्यावर पाणी सोडलंय" म्हणे. आधी गाडीचं बोलू, मग तुझं.

तुझ्या टर्बो गाडीला बाहेरचा मोठा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा वाटून देणारा नळ्यांचा जुडगा, बसवायचा का? मला विचारशील तर नको. साध्या इंजिनाला हवा ओढून घ्यावी लागते, तुझ्याकडे टर्बो ती आत ढकलतोच आहे. तेवढ्याला कंपनीचा मॅनिफोल्ड पुरतो. मोठ्या पोटाचा बसवलास तर इंजिन पार वर ओरडायला लागल्यावर थोडी जास्त ताकद मिळेल, पण सिग्नलवरून उचलताना गाडी जांभया देईल. त्यात सांध्यातलं गॅस्केट नीट बसलं नाही की दाबलेली हवा फुस्स. टर्बोच मोठा घालणार असशील तर गोष्ट वेगळी. नाहीतर नाकापेक्षा मोती जड.

आता दुसरं. गाडीवर एवढं लिहिलं ते हे लांबवायलाच.

बाबांना ऐकू येत नाही.

अगदीच नाही असं नाही, पण फोनवरचं काही म्हणजे काही कळत नाही. इंजिनावर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ ते कानाला लावायचे, आठवतं? आता दातांत धरतात. हाडातून समजतं म्हणतात. गिऱ्हाइकांना वाटतं, काय उस्ताद माणूस! बहिऱ्या मेकॅनिकला गाडी कोण देणार, म्हणून कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय मला. तुलासुद्धा नाही.

फोनसाठी त्यांनी एक वाक्य ठरवून ठेवलंय, "तुझ्या मनाला येईल ते कर." कुठल्याही प्रश्नाला चालतं. आत्यानं विचारलं, गुडघ्याचं ऑपरेशन करू का, तर तिलाही तेच. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो.

तू मॅनिफोल्डचं विचारलंस, आणि त्याच फोनवर "मी परत गॅरेजात येऊ का" असंही विचारलंस, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. दोन्हीला तेच उत्तर मिळालं आणि तू तिकडची नोकरी पक्की केलीस. वाचताना जीव तुटला रे. वेळेवर सांगितलं असतं तर, असं सारखं मनात येतं.

काल त्यांच्या कानाशी ओरडून दोन्ही प्रश्न विचारले. मॅनिफोल्डला लगेच म्हणाले, नको म्हणावं, आधी पाइपांची गळती बघ. दुसरा प्रश्न ऐकल्यावर पुसलेलेच हात पुसत राहिले.

मग म्हणाले, "असं विचारलं त्यानं? आणि मी काय म्हणालो?"

मी सांगितलं. तिथेच टायरवर बसले.

आज सुट्टी असून सकाळपासून गॅरेजातल्या तुझ्या जुन्या टेबलावर साठलेलं सामान हलवताहेत. कशाला, ते मी विचारलं नाही.

पक्की केलेली नोकरी मोडता येते का, मला माहीत नाही. उशीर झालाही असेल. पण पुन्हा फोन करू नकोस. समोर येऊन विचार. आणि त्यांच्या उजव्या बाजूला उभा राहा, तिकडून अजून थोडं ऐकू येतं.

तुम्हा दोघांच्या मध्ये ओरडून घसा बसलेली,
तुझी ताई