चौदा-पंधराचा पाना

न्हाय, मला कसलीबी काळजी न्हाय, आन माझं जेवण कमी झालंय असं मुक्ताबाई सांगत फिरती ते साफ खोटं हाय. बायकूचं काय ऐकायचं? गुडघा सोडला तर मी ठणठणीत. तर महिपती, भवानीनगरहून आप्पासाहेबाचा राम राम घे. डाळजला सगळी बरी असतील असं धरून चालतो, नसतील तर कळीव. फोनवर तू मला बोलू देत न्हाईस म्हणून पत्र.

आमची नात राजनंदिनी सुट्टी संपवून परत तळावर गेली. तुझा पोरगा नागेश तितंच विमानं दुरुस्त करतो, तवा ती हवाई दलाचं माल वाहायचं विमान उडवती हे तुला ठाऊकच हाय. (लहानपणी बारामतीची शिकाऊ विमानं उसावरनं जायाची, ही तोंड वर करून बघत बसायची. तवाच खुरपं हातात दिलं असतं तर... जाऊ दे.) मी आपलं सहज इचारलं, तुझं विमान किती तास चाललंय? बैल घेताना दात बघतो, ट्रॅक्टर घेताना तास बघतो, ह्यात काय वाईट? तर म्हणती साडेबारा हजार. अरं, माझ्या ट्रॅक्टरचा मीटर आठ हजाराला बंद पडला, त्याला लोक म्हातारा म्हणत्यात! आन हे विमान तिच्या बापाच्या वयाचं. सुटे भाग मिळत न्हाईत, म्हणून एक उभं करून त्याचं काढून दुसऱ्याला घालत्यात. (हे मातर पटलं. आमचा जुना निळा ट्रॅक्टर गोठ्यामागं त्यासाठीच उभा हाय.) वर एक तास उडायचं तर खाली माणसं वीस तास राबणार. आन ठरलेले तास भरले की चांगलं चालतं विमान खोलायचं! हा खर्च कुणी सांगितलाय? चालत्या यंत्राला हात लावू नये, मी तिला तोंडावर सांगितलं. ती नुसती हसली. शिकलेली माणसं हसली की माझं डोकं फिरतं.

दुसऱ्या दिवशी उसाच्या दोन ट्रॉल्या भरून तयार, आन ट्रॅक्टरच्या पंख्याचा पट्टा सैल. मेकॅनिक कशाला, मीच आवळला. पुतण्या अविराज बॉनेट धरून उभा. काम फत्ते. तवर ही बया पान्यांची पेटी मोजाय बसली, आन एक पाना कमी भरला, चौदा-पंधराचा. तर तिनं ट्रॅक्टरची चावीच काढून खिशात घातली! आमच्यात पाना गावल्याबिगर विमान हलत न्हाय, म्हणती. मी म्हणलं, बाई, हे विमान न्हाय, कारखान्यावरचा रांगेतला नंबर जाईल, तुला भिगवणहून नवा पाना आणून देतो.

"नवा नको आप्पा. त्योच पायजे."

झालं. मुकादम, तोडणीची सगळी टोळी, पाचटात पाना हुडकाय लागली. मुक्ताबाईनं पिठाचा डबा उपसला (मी एकदा तितं पक्कड ठेवली होती, वीस वर्सं झाली, अजून सांगती). ऊस उन्हात वाळतोय, आन मुकादम मला म्हणतोय, "आप्पा, तुमचं विमान कवा उडायचं?"

दोन तासानं गावला. पंख्याच्या मागं, जाळीवर आडवा. मीच ठेवला होता. चावी फिरली असती तर पंख्यानं त्यो भिरकावला असता, आन अविराज तितंच वाकून बघत हुता. राजनंदिनीनं चावी दिली आन चहा टाकाय गेली. चार शब्द बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

ऊस पोचला. हे आपलं तुला कळावं म्हणून. काम कायबी न्हाय.

तुझा,
आप्पासाहेब

ता. क. नागेशचा फोन आला तर सहज इचार, पाने मोजतोस का म्हणून. राजनंदिनीच्या विमानाचे तेवढे दोनदा मोज म्हणावं. तिला कळू देऊ नको.

आणखी एक. तिचं विमान ठरल्यालं नसतंय म्हणं, जे तयार असंल ते. मग सगळ्यांचेच दोनदा मोज म्हणावं. मुक्ताबाई म्हणती, बाकीच्यात बी कुणाची तरी लेकरंच बसत्यात. उशीर झाला तर होऊ दे, वरचा सायब वराडला तर वराडू दे, त्याला माझं नाव सांग. आता ह्यावर मी एक शब्द बोलणार न्हाय. फोन करू नको, उचलायचा न्हाय.