नावानिशी बोलावणं

॥ श्री ॥
चकलांबा, ता. ९ डिसेंबर २०२४

ती. बायनाआक्का हिला धाकट्या आश्रुबाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून हे पत्र. तुझ्या नातीकडून, तेजश्रीकडून, सावकाश वाचून घे.

गावच्या शाळेत चित्रकला शिकवणारे रामप्रसाद सर घरी आले होते. म्हणाले, नववीच्या लेकरांना आपल्या भागातल्या कला आपल्याच माणसांनी शिकवाव्यात. तुम्ही गोंधळ शिकवा, जानेवारीत स्नेहसंमेलनात मांडू. मी सांगितलं, घरात सुतक आहे. त्यावर सून आतून बोलली की बजरंगला जाऊन वर्ष उलटलं, सुतक कधीच फिटलं. तिच्या नवऱ्याबद्दल तीच असं बोलल्यावर मला नाही म्हणता येईना.

तेव्हापासून शाळेत जातो. जिवाचा घोर मात्र सुटत नाही. दिवटीचं तेल सांडलं तर? पोरींच्या ओढण्या पेटल्या तर? भाऊबंद म्हणतील, पिढ्यांची विद्या बाहेर वाटली. फळवाल्या साजिदच्या अदिबाला संबळच वाजवायचा आहे. त्याची हरकत असेल म्हणून मी गाड्यावर विचारायला गेलो, तर तो म्हणाला, वाजवू द्या काका, फक्त गणितात गचकली न्हाई पाहिजे. वर पिशवीत पपई टाकली. बजरंगचा संबळ तिला काढून दिला. काढताना काही वाटलं नाही.

आक्का, मला काहीच वाटत नाही. सून विचारते कालवणात मीठ कमी पडलं का, मला सांगता येत नाही. मांजरसुंब्याच्या रस्त्यावरून माझ्या लेकाला घरी आणलं, त्या दिवशी रडलो नाही, अजूनही नाही.

एक गोष्ट सरांपासून लपवली आहे. लेकरांना वाजवणं, नाचणं, मागून झील धरणं सगळं शिकवतो, पण बोलावणं शिकवत नाही. आपल्या घरात देवांना बोलावून झालं की गेलेल्या माणसांनाही नावानिशी बोलावतात. आता त्यात बजरंगचं नाव घ्यावं लागेल. ते माझ्याच्यानं होणार नाही. बोलावणं गाळलं तर दोष लागेल का, ते कळव.

आजवर केलीस तशी माया पुढंही कर.

तुझा,
आश्रुबा

॥ श्री ॥
कडा, ता. १८ डिसेंबर २०२४

चि. आश्रुबास बायनाबाईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तेजश्रीनं मला इतक्या मोठ्यानं वाचून दाखवलं की आता सगळ्या गल्लीला तुझं दुखणं ठाऊक आहे.

तू लहानपणापासून भित्रा. बैलगाडीत बसलास की चाक निखळेल म्हणून सगळी वाट चाकाकडंच बघायचास. तेल सांडेल म्हणून घाबरतोस आणि कुणाला न बोलावता गोंधळ घालतोस, त्याचं भय नाही! आवतण न देता पंगत मांडलीस तर जेवायला कोण बसेल?

पुढचं मी बोलते तसंच लिही, असं पोरीला सांगितलं आहे. "आश्रुबा, तू नाव न्हाई घेतलं म्हणून पोरगं गेलंच न्हाई, आसं हुतंय का रे?"

जेवत जा. चव कळो न कळो. माझे आशीर्वाद तुला मागावे लागत नाहीत.

बायनाआक्का

॥ श्री ॥
चकलांबा, ता. २१ जानेवारी २०२५

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचा राग आला होता, म्हणून उत्तर लिहिलं नाही.

एक दिवस तालमीत अदिबानं हात थांबवला. म्हणाली, "आजोबा, आपण तर कुणालाच बोलावलं न्हाई. मंग हे वाजवायलोत कुणासाठी?" मी तिला पाणी पिऊन यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बोलावणं शिकवायला घेतलं. मी नाव घ्यायचं, लेकरांनी "यावं" म्हणायचं. लेकरं आपापल्या घरची नावं विचारून आली. सरांनी आपल्या आईचं दिलं. अदिबानं हळूच विचारलं, तिच्या दादीचं, कमरजहाँचं, चालेल का. मी म्हटलं, चकलांब्याचीच होती ना, मग न चालायला काय झालं. बजरंगचं नाव मात्र मी तालमीत एकदाही घेतलं नाही.

स्नेहसंमेलनाला मांडव भरला होता. देव झाले, आजा झाला, आपले वडील झाले, लेकरांनी आणलेली नावं झाली. कमरजहाँ म्हटल्यावर मागून साजिदचाही आवाज आला. मग मी थांबलो. सगळ्यांना वाटलं, म्हातारा विसरला. अदिबा माझ्याकडं बघत तेच बोल पुन्हा पुन्हा वाजवत राहिली. मी बजरंग म्हटलं. लेकरं बाकीच्यांना म्हणाली तसंच "यावं" म्हणाली.

मला वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. रडू आलं नाही. पुढचं पद म्हटलं.

शेवटी रीतीप्रमाणं आलेल्या सगळ्यांना नाव घेऊन वाटेला लावलं. देव गेले, वडील गेले, कमरजहाँ गेली. बजरंगला मी जा म्हटलं नाही. आरती केली आणि खाली उतरलो. कुणाच्या ध्यानात आलं नाही. सरांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता घरात बसलो की जीव खालीवर होतो. बोलावलेल्याला असं अडकवून ठेवणं पाप आहे का? उलट टपाली कळव. चुकलो असेन तर रागाव, पण अबोला धरू नको.

तुझा,
आश्रुबा

॥ श्री ॥
कडा, ता. २८ जानेवारी २०२५

चि. आश्रुबास अनेक आशीर्वाद.

रीत मोडलीस खरी. आरती झाल्यावर घरबसल्या त्याला वाटेला लावता येत नाही. त्याला पुन्हा गोंधळच मांडावा लागेल. वैशाखात तेजश्रीचं लग्न धरलं आहे. हे लिहायला ती लाजते आहे, तरी मी लिहायला लावलं. त्या लग्नाचा गोंधळ तू घालायचास, तुझी नववीतली सगळी लेकरं घेऊन. संबळ त्या पोरीपाशीच राहू दे. तुझं सुतकाचं कारण मी ऐकणार नाही, तसंही मला ऐकू येत नाही.

तवर ऱ्हाऊ दे पोराला घरात. त्याला कुठं घाई हाय.

बायनाआक्का