आंदणाची पट्टी

मी गुरम्मा, कैलासवासी बसवराज कापडवाले यांची पत्नी, वय पंचेचाळीस, जात लिंगायत, राहणार लातूर. हे मृत्युपत्र मी माझ्या घराच्या पुढच्या खोलीत बसून, दिवसाउजेडी, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही आणि कोणाच्या भीतीने लिहीत नाही. भीती सध्या लातुरात घराघरांत आहे, माझ्याही घरात आहे. पण काय लिहायचे हे ती मला सांगत नाही, एवढाच या वाक्याचा अर्थ घ्यावा.

माझ्या पोटात गाठ आहे. ती कापून काढावी लागेल असे बार्शीच्या डॉक्टरीणबाईंनी माघात सांगितले होते. बार्शी राज्याबाहेर पडते; त्यानंतर सरहद्दीवर नाकी बसली, रस्ता बंद झाला आणि गाठ वाढत राहिली. बुद्धी शाबूत आहे. मला मूल नाही. माझ्यामागे काय कोणाचे व्हावे ते पुढीलप्रमाणे.

कलम पहिले. राहत्या घरातला माझ्या यजमानांचा अर्धा हिस्सा माझे दीर अण्णाराव यांना जावा. मनाने त्यांनी तो कधीच घेतलेला आहे, आता कागदानेही घ्यावा. मात्र बोळाकडे दार असलेली मागची खोली मौलवी बुऱ्हाणोद्दीन यांच्या विधवा हुरमतबी यांनी हयात असेपर्यंत वापरावी. त्यांना भाडे मागू नये. राज्य कोणाचेही असो, त्यांना बाहेर काढू नये. माझ्याकडे राहायला आल्यापासून त्यांनी एकदाही मांस शिजवलेले नाही. मी तसे कधी सांगितले नव्हते. पुढे त्यांना आपल्या चुलीवर जे शिजवावेसे वाटेल ते त्या शिजवतील. जाऊबाईंनी त्या वेळी आपल्या खिडक्या लावून घ्याव्यात, बोळातून बोलत फिरू नये. हुरमतबींना हदगावला भावाकडे जायचे असेल तर नांदेडपर्यंत घरचे माणूस सोबत द्यावे.

कलम दुसरे. माझ्या पुतळ्या आणि पाटल्या अण्णारावांच्या थोरल्या मुलीला. दुकानातला लोखंडी गज आणि मोठी कात्री अण्णारावांचा मुलगा विरूपाक्ष याला. लहानपणी तो या गजाने घरातली माणसे मोजत फिरायचा आणि मला मोजून झाल्यावर काकू काकांपेक्षा लांब आहे असे गिऱ्हाइकांदेखत सांगायचा. माझ्या गळ्यातले इष्टलिंग माझ्याबरोबर जाईल.

कलम तिसरे. मुरुडच्या रस्त्याला लागून असलेली पाच एकर काळी जमीन, जिला घरात आंदणाची पट्टी म्हणतात, ती माझ्या वडिलांनी मला लग्नात दिली. तिच्यावर सासरच्या कोणाचा हक्क नाही. या पट्टीत पूर्वेच्या बांधाजवळ मौलवीसाबांची कबर आहे. ती तिथे कशी आली हे मला इथे लिहून ठेवणे भाग आहे, कारण तिच्याबद्दल खोटे पसरलेले आहे आणि खरे पाहिलेली माणसे थोडी आहेत.

मौलवीसाब हदगावकडचे. आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या लहान मशिदीत ते नमाज पढवत. विरूपाक्ष सरकारी शाळेत उर्दूत दोनदा नापास झाला तेव्हा माझे यजमान त्यांच्याकडे गेले. पुढची चार वर्षे रोज दुपारी मौलवीसाब आमच्या ओट्यावर बसून त्याला शिकवत. ते आमच्या घरचे पाणी पीत, आणि आमची माणसे त्यांचा पेला वेगळा ठेवत. तो वेगळा पेला त्यांना ठाऊक होता. ते तो स्वतः धुऊन कोनाड्यात ठेवत, म्हणजे आम्हांला अवघड होऊ नये.

यंदा रमजानच्या शेवटच्या जुम्याला मशीद भरलेली असताना, हे राज्य टिकवायला माणसे गोळा करत फिरणारे वर्दीवाले आले. त्यांची नावे मी लिहीत नाही. हा कागद कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. नमाजीनंतर मिंबरावरून, म्हणजे प्रवचनाच्या पायऱ्यांवरून, भरतीची हाक द्यावी, दीन धोक्यात आहे असे सांगावे आणि जो नाव नोंदवणार नाही त्याला मुसलमान म्हणू नये, असा त्यांचा हुकूम होता. त्या दिवशी आत असलेले लाडलेसाब मन्यार यांनी मला पुढचे सांगितले. मौलवीसाब मिंबरावर चढले आणि म्हणाले, "इथं आपण डोकं टेकवायला येतो. इथून मी कुणाचं डोकं मागणार नाही." मग ते खाली उतरले आणि आपले जोडे शोधू लागले.

निम्मी मशीद मान खाली घालून बसून राहिली. काही जण उठून त्यांच्यामागे बाहेर पडले. काहींनी नावे नोंदवली. त्यांतले काही मनापासून, काही घरात तरणी मुले होती म्हणून. ईदची नमाज दुसऱ्याने पढवली. मौलवीसाबांच्या घरी शिरखुर्मा घेऊन कोणी गेले नाही, आणि पिठाच्या गिरणीत हुरमतबींचे दळण कोणी घेईना. ईदनंतर थोड्याच दिवसांत ते मुरुडच्या रस्त्यावर माझ्या पट्टीजवळ पडलेले सापडले. कोणी मारले ते मी पाहिले नाही, म्हणून लिहीत नाही. मलप्पाने त्यांना बैलगाडीतून आणले. मलप्पा आमच्या लोकांच्या समाध्या खोदतो. जखमी माणसाला गाडीत कसे ठेवावे हे त्याला कळेना, म्हणून सगळा रस्ता तो गाडीत बसून त्यांचे डोके मांडीवर घेऊन आला आणि बैल आपले आपण चालत आले. माझ्या मागच्या खोलीत मौलवीसाब दोन दिवस जगले, आणि हुरमतबी तेव्हापासून तिथेच आहेत.

कबरस्तानात जागा मिळाली नाही. तिथल्या कबर खोदणाऱ्याला बजावले गेले होते की जो खड्डा खोदशील त्यात आधी तूच जाशील. तेव्हा मी पट्टीतली जागा दिली आणि मलप्पाला खोदायला सांगितले.

इथे एक चूक झाली आणि खोट्याचा जन्म तिच्यातून झाला. मलप्पाने आयुष्यभर एकाच तऱ्हेने खोदलेले आहे. आमच्यात मेलेल्याला बसवतात. त्याने हाताला येते तसे खोदले: उतरायला पायऱ्या, खाली खड्डा, आणि बसवण्यासाठी भिंतीत कोनाडा. लाडलेसाब आपले दोन चुलतभाऊ घेऊन आले, त्यांनी आत वाकून पाहिले आणि त्या दुःखातही लाडलेसाबांना राहवले नाही. म्हणाले, "अरे मलप्पा, मौलवीसाब काय पंगतीला बसायला चाललेत का?"

मलप्पा वर न पाहता म्हणाला, "मला येतं तसं केलं, साब. निजवायचं कसं ते सांगा, तसं करतो."

त्यांनी सांगितले, त्याने खड्डा लांबवला, पायऱ्या तोडल्या, कोनाडा बुजवला आणि पश्चिमेच्या अंगाला नवीन कपार काढली. माती ओली होती, कड सारखी ढासळत होती, त्यामुळे वेळ लागला. तोवर रस्त्याने जाणाऱ्यांनी पहिला खड्डा पाहिला होता.

मी आणि हुरमतबी बांधावर उभ्या होतो. मी शपथेवर लिहिते की मौलवीसाबांना निजवले गेले, बसवले गेले नाही, आणि त्यांचे तोंड पश्चिमेला केले होते. जनाज्याची नमाज लाडलेसाबांनी पढवली. त्यांनी पूर्वी कधीच पढवली नव्हती. बायकांच्या हातांत बांगड्या भरताना ज्यांचे तोंड क्षणभर बंद नसते ते तिथे एकेक शब्द आठवून म्हणत होते.

दुसऱ्या दिवसापासून वर्दीवाले सांगू लागले की याला काफरांसारखा बसवून पुरला, म्हणजे हा आतून तसाच होता. आमच्या मठाचे पंच सांगू लागले की गुरम्माने लिंगायताच्या समाधीत मुसलमान बसवून समाधी बाटवली. ही दोन्हीकडची माणसे एकमेकांच्या सावलीला उभी राहत नाहीत, पण या खोट्यावर त्यांचे एकमत झाले. पंचांनी मला शुद्धी करून घेण्यास कळवले आहे, नाहीतर माझ्या मातीला कोणी येणार नाही. मी शुद्धी करून घेणार नाही. त्यांनी येऊ नये.

कलम चौथे. ही पट्टी मी आधी हुरमतबींच्या नावे करणार होते. त्यांनी नकार दिला. म्हणाल्या, "माझ्या नावावर नक्को, अक्का. आज माझं नाव त्यांना खुपतं, उद्या तुमच्यांना खुपंल. जमीन जाईल आणि कबर बी जाईल." ते खरे होते. म्हणून पट्टी विरूपाक्ष याला द्यावी असे मी ठरवले. अट अशी की कबर जशीच्या तशी राहावी आणि हुरमतबींना तिथे जाण्यायेण्यास अडवू नये.

परंतु अट कागदावर लिहून भागत नाही, हेही मला समजते. विरूपाक्ष चैत्रात, हे राज्य उलथवायला निघालेल्या पोरांच्या सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेला. त्याच्याबरोबर शिकलेल्या एका मुलाला वर्दीवाल्यांनी गावासमोर मारले, त्यानंतर तो गेला. त्याचा राग खोटा नाही. गेल्या बाजाराच्या दिवशी तो ढोरांच्या व्यापाऱ्यासारखे मुंडासे बांधून भरदुपारी घरी आला. मी भाकरी वाढली. मागच्या अंगणात हुरमतबी कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी त्याला ओळखले आणि पदर सावरून आत गेल्या.

तो म्हणाला, "काकू, ही अजून इथंच हाय?"

मी म्हटले, जाणार कुठे.

"मग ऐकून ठिव. आता लई दिस न्हाईत. आमची येळ आली की मी कुनाकुनाचे हात धरू? पोरं ऐकनार न्हाईत. आन् ती कबर बी काढावी लागंल. ना हिकडची, ना तिकडची."

"तुला शिकवलं त्यांनी."

"मौलवीसाब येगळे होते."

"किती जण वेगळे होते ते तुला ठाऊक आहे का? लाडलेसाब वेगळे नाहीत? त्यांचे भाऊ?" त्याने पाण्याचा तांब्या जवळ ओढला. मी म्हटले, "पोरांचं राहू दे. तू काय करशील ते सांग."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला, कोरड्यासात बुडवला आणि ताटातच ठेवला. मग उठून गेला.

म्हणून इथे त्याच्यासाठी लिहिते. विरूपाक्षा, मौलवीसाबांना ज्यांनी मारले असे सगळे म्हणतात ते मुसलमान होते. ज्यांनी त्यांना खांदा दिला तेही मुसलमानच होते, आणि त्यांना ठाऊक होते की यानंतर आपल्यावर पाळत राहील. दीन धोक्यात आहे असे सांगत एक जमाव उठला. उद्या तुमचा उठेल, आणि तोही काहीतरी धोक्यात असल्याचेच सांगेल. मला राजकारण कळत नाही असे तू म्हणशील. हे राज्य जावे असे मलाही वाटते. ते जाताना आपल्या हातून काय होते, तेवढेच मी विचारते आहे.

कलम पाचवे. माझा देह लिंगायतांच्या रुद्रभूमीत पुरायला नेऊ नये. मला आंदणाच्या पट्टीत, मौलवीसाबांच्या कबरीच्या शेजारी, आमच्या रीतीने बसवावे. मलप्पाला जागा दाखवून ठेवली आहे. दोन्हींभोवती दगडमातीची एकच भिंत घालावी आणि वर नाव लिहू नये. आपल्या माणसाच्या समाधीवर नांगर घालणारा लिंगायत मी अजून पाहिलेला नाही. एकीला वाचवायचे तर दोन्ही वाचवाव्या लागतील, एवढा हिशेब मी केला आहे.

हुरमतबींना विचारल्याशिवाय हे ठरवलेले नाही. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "जित्तेपणी ते तुमच्याशी कधी मान वर करून बोलले न्हाईत, अक्का. आता तुमची बडबड ऐकत पडावं लागंल." आणि रडल्या. मी त्यांची परवानगी समजले.

विरूपाक्षा, त्या दुपारी तू उत्तर दिले नाहीस. कुदळ घेऊन आलास तर उत्तर मलाच द्यावे लागेल. मी तिथे बसलेली असेन.

या मृत्युपत्राची एक प्रत माझ्या भावाकडे मुरुडला, एक अण्णारावांकडे राहावी. साक्षीला दोघेच बोलावले. लाडलेसाबांना मी सांगितले की या कागदावर नाव असणे सध्या बरे नाही, कोणाचेही राज्य असले तरी. त्यांनी चष्मा मागितला आणि सही कुठे करायची ते विचारले. अण्णाराव सगळे दोनदा वाचून म्हणाले, "वहिनी, पोरगा आता मला बी विचारत न्हाई." मी म्हटले, म्हणूनच लिहिले.

हे सर्व मी वाचून पाहिले. माझ्या मनात होते तेच उतरले आहे.

ठिकाण: लातूर
श्रावणातला शेवटचा सोमवार, मेहेर महिना, सन १३५७ फसली

सही: गुरम्मा बसवराज कापडवाले

साक्षीदार
१. लाडलेसाब मन्यार, राहणार लातूर. (सही उर्दूत)
२. अण्णाराव कापडवाले, राहणार लातूर. वहिनींनी हे माझ्यासमोर पूर्ण शुद्धीत लिहिले, एवढ्याला साक्ष. पट्टी व मागची खोली यांबाबत मी सहमत नाही. त्यांच्या मातीला मी जाईन व भिंत मी घालीन.