म्हशीनं नातसून पसंत केली

आत्याबाई,

मी बोलते आहे आणि माझी नातसून लिहून घेते आहे. मी ‘मले’ म्हटलं की ही ‘मला’ लिहिते. तिवशाची पोर, पण वहीपुरती पुण्याची होते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या शिव्यासुद्धा आता मला गोड लागतात. आधी म्हशीला द्यायच्या, मग मला. घरातला मान तसाच होता.

तुम्ही गेलात त्या दिवसांत तुमची म्हैस काही केल्या दूध देईना. तिची वगार प्यायला सोडली, सरकीची ढेप पुढं ठेवली, तरी मी खाली बसले की कास चोरून लाथ. शेवटी शेजारची बुढी म्हणाली, ‘‘अवं पोरी, तुह्या सासूचं लुगडं नेस अन् मंग बस. जनावर वासाले वळखते.’’ तुमचं हिरवं लुगडं, अजून शेणाढेपेचा वास असलेलं, दांडीवरून काढलं, नेसले, बसले, आणि तुमचीच एक शिवी हासडली. म्हशीनं मागं वळून हुंगलं आणि पान्हा सोडला. ओसरीवर सगळं घर तुमच्या नावानं रडतंय, आणि मी बादलीवर वाकून हसते आहे.

त्याच म्हशीच्या वंशातली एक अजून दारात आहे. सगळं शिवार सोयाबीननं भरलंय, पण विहिरीकडचा पट्टा मी तुमच्यासारखा ज्वारीलाच ठेवते. सोयाबीनच्या कुटारानं, त्या भुशानं, म्हशीचा फराळ होतो, जेवण होत नाही. रानडुकरं येतात, त्यांचं खातात, उरलेला कडबा आपला. पण यंदा माझी बोटं वळेनाशी झाली. माझा लेक, तुमचा नातू, म्हणाला, ‘‘माय, आता म्हैस इकून टाकू. तो पट्टाबी सोयाबीनले येईन. तुह्याशिवाय कोनाले दूध देते ते?’’ खोटं काहीच नव्हतं त्यात. म्हैस गेली तर सकाळी उठून मी जायचं कुठं, हे त्याला कसं सांगणार?

तेव्हा ही नातसून म्हणाली, ‘‘आजी, मी बसून पाहू का?’’ अंगात गाऊन, कानात वायर. मी म्हटलं, ‘‘आधी माहं लुगडं नेस. आपल्या घरची रीत हाय ते.’’ नेसवलं. गोठ्यापर्यंत जाताना दोनदा पडता पडता वाचली. म्हशीनं हुंगलं, क्षणभर विचार केला आणि बादली उडवली ती थेट उकिरड्यावर. माझा लेक ओट्यावरून म्हणतो, ‘‘झालं समाधान? सांगू का व्यापाऱ्याले?’’ ही शेणातून उठत सासऱ्याला म्हणते, ‘‘थांबा न मामाजी, आमची वळख तं होऊ द्या!’’

मग हिनं कासेला हातच लावला नाही. मी दुखऱ्या बोटांनी कसंबसं दूध काढायचे. ही ढेप भिजवायची, शेण काढायची, कडबा तोडून घालायची, म्हशीची पाठ घासत तिच्याशी माहेरच्या गोष्टी बोलायची. माझ्याविषयीही बोलत असणार. (हे लिहिताना हसून राहिली, म्हणजे बोललीच.) आणि एका सकाळी त्याच गाऊनवर, कुठलंसं सिनेमाचं गाणं गुणगुणत, ही खाली बसली. म्हशीनं मान वळवली, लांब श्वास सोडला, आणि बादलीत धार वाजली. लेकानं ऐकलं. व्यापाऱ्याचं नाव नाही काढलं. एवढंच विचारलं, ‘‘इहिरीकडं ज्वारीच पेराची न माय?’’

मी सुखात आहे, आत्याबाई. पहाटेचा चहा बसल्या जागी मिळतो, दुधात पाणी किती घातलं हे विचारायला तोंड मोकळं असतं. हे पाठवायचं कुठं, तुम्ही पत्ता ठेवला नाही. ही म्हणते, घडी करून तांदळाच्या डब्यात ठेवते. ठेव बापा. पण शेवटचं एक लिही, आणि वर पाहू नको. त्या सकाळी धार वाजली तेव्हा मी देवाला हात जोडले, हे खरं. पण म्हैस माझ्यासाठी अजून चार दिवस अडून बसली असती, तर मला बरं वाटलं असतं.