रत्नाकर मास्तरांना मुक्ती नको

रामघाट, काशी
१२ फेब्रुवारी १९९६

॥ श्री ॥
चि. स्वरदा हिस विष्णुकाकाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. इकडे क्षेम. मात्र तुझ्या अंतराळकथेत तू सेनापती देवव्रतांना मारलंस, तेव्हापासून प्रेमलाकाकू माझ्याशी तुटक बोलते. जणू मीच त्यांना मारलं. मासिक आलं की दुपारी ती मोठ्यानं वाचते, मी आणि शेजारचे रत्नाकर मास्तर ऐकतो. मास्तर संक्रांतीपासून अंथरुणावर आहेत, म्हणून हल्ली वाचन त्यांच्याच खोलीत.

माझा जन्म या घाटावर लोकांची और्ध्वदेहिकं करण्यात गेला. तुझ्या यानात माणूस मेला की त्याचा प्रकाश दिव्यात शिरतो आणि कुणी विचारलं की उत्तर देतो. दाह नाही, पिंड नाही. सेनापती मुक्त झाले असतील, तर यान कुठं वळवायचं हे सांगायला का थांबलेत? नसतील, तर त्यांचं कुणी काही करत का नाही? शिवाय तमासुरानं ग्रहच्या ग्रह जाळले, शेवटच्या श्वासाला पस्तावला, आणि तू त्याचा दिवा सेनापतींच्या शेजारी लावलास. काकूचा मुख्य राग त्यावर आहे.

मास्तरांना मात्र ही व्यवस्था अगदी पसंत पडली. थंडीला जपून राहा. आमची आठवण असू दे.

तुझा,
विष्णुकाका

नागपूर
२० फेब्रुवारी १९९६

ती. विष्णुकाकांस व काकूस स्वरदाचा शि. सा. न.

पत्र बँकेत जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि इतकी हसले की कॅशियर बघायला आले. काका, काशीत मेलेल्या चोरालाही मुक्ती मिळते, हे लहानपणी घाटाच्या पायरीवर बसवून मला कुणी सांगितलं होतं? तमासुराचा दिवा तुमच्याकडूनच उचलला आहे. काकूला तसं सांगा.

बाकीचे दिवे माझे. बाबा गेल्यावर गॅसचा रेग्युलेटर नीट बसेना. कुणाला विचारावं कळेना, म्हणून बाबांनाच विचारलं. उत्तर आलं नाही. कथेत तरी यावं, असं वाटलं.

मास्तरांना माझा नमस्कार. रागावला असाल तरी माया पातळ करू नका.

आपली,
स्वरदा

रामघाट
६ मार्च १९९६

चि. स्वरदा हिस आशीर्वाद.

तुझ्या दिव्यांनी घोटाळा केला आहे. मास्तरांची तबियत उतरली. मी म्हटलं, काशीत आहेस, पुढची चिंता नाही. तर म्हणाले, तीच चिंता आहे. इथं मेलो तर न विचारता मुक्ती, मग तुझ्याशी वाद घालायला मागे कोण राहणार? आणि लेकीकडे, इंदूकडे, गंगेपलीकडे रामनगरला जायचा हट्ट धरला. मी आठवण करून दिली की त्या तीरावर मरणारा पुढच्या जन्मी गाढव होतो असं इथं म्हणतात. त्यावर म्हणाले, गाढव तर गाढव, घाटावर येणं-जाणं तरी राहील.

नावेत घालून गेलेसुद्धा. इंदू रडकुंडीला आली आहे. काकू म्हणते, पोरीच्या कथेनं गेले, पोरीच्या कथेनंच परततील. पुढच्या भागात हा नियम बदल. माझं ते वेदशाळेत बरोबर होतो तेव्हापासून ऐकत नाहीत. तुझं ऐकतील.

वाट पाहतो.
विष्णुकाका

नागपूर
१५ मार्च १९९६

ती. काकांस शि. सा. न.

फर्माईश म्हणून नियम बदलता येईना. दिवे विझवले असते तर मास्तरांनी लगेच ओळखलं असतं. म्हणून सेनापतींनाच विचारलं, तुम्हाला तिथं कसं वाटतं? मग प्रकरण आपसूक पुढे गेलं. यान चालवणारी बकुळ त्यांना ऊठसूट प्रश्न विचारते, आणि एक दिवस दिवा म्हणतो, "तू विचारतेस तोवर मला थांबावं लागतं. दमलो, पोरी." ती विचारणं थांबवते. पुढचं वळण स्वतः घेते, जरा चुकीचंच.

लिहिताना मला फार जड गेलं. मासिकात यायच्या आधी प्रत पाठवते आहे. काय होईल ते कळवा, आणि तुम्हीही जपा.

आपली,
स्वरदा

रामघाट
२ एप्रिल १९९६

चि. स्वरदा हिस अनेक आशीर्वाद.

रामनगरला जाऊन मीच वाचलं. मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, हे तू सांगून लिहवून घेतलंस, पण पोरीनं इमानानं लिहिलं आहे. थोड्या वेळानं म्हणाले, घरी ने.

सकाळच्या नावेनं निघालो. इंदू बरोबर होती. पाणी शांत होतं. मधोमध आल्यावर त्यांनी मल्लाहाला वल्ही थांबवायला सांगितली आणि मला म्हणाले, "विष्णु, नंतर मला काही विचारत बसू नकोस. काय ते आत्ता विचार."

जन्मभर वाद घातला, पण ऐन वेळी एक प्रश्न सुचेना. म्हणून विचारलं, काही खाऊन निघालास का?

ते म्हणाले, "इंदूची खिचडी फार पातळ होती." इंदूला हसू आलं. तेही हसले आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. नाव रामघाटाला लागली तेव्हा उठले नाहीत.

सगळं यथासांग केलं. घाटावरच्या शास्त्र्यांत अजून चर्चा चालू आहे. परवा काशीनाथशास्त्र्यांनी मला गाठून विचारलं, मास्तर नेमके कुठं गेले, या तीरावर की त्या? मुक्ती धरायची की नाही, हे ठरत नव्हतं त्यांचं.

मी सांगितलं, माझ्या खांद्यावर गेले.

काकूचे आशीर्वाद. सवड काढून ये, घर फार शांत झालं आहे.

तुझा,
विष्णुकाका